घर सावरले, गंगाजळी आटली!

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. म्हण जुन्या काळची आहे. त्या काळी माणूस आपले घर आपणच बांधी. दुसऱ्याने बांधलेले आणि वापरलेले घर कर्ज काढून विकत घेण्याचा प्रसंग त्याच्यावर क्वचितच येई. आज मध्यम स्थितीतल्या कित्येक कुटुंबांना तोच एक मार्ग परवडतो. परंतु बांधणाऱ्याला निदान आपला पाया कशावर घातला आहे हे ठाऊक असते. विकत घेणाऱ्याला ते पहिल्या पावसाळ्यात कळते. आणि कळते तेव्हा त्याच्या पासबुकात फारसे काही उरलेले नसते.

पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या दोन गावांकडे पाहिले म्हणजे ही गोष्ट चांगली ध्यानात येते. दोन्ही तालुके शेजारशेजारचे. मधून भीमा वाहते. शिरूरला जुनी माणसे अजून घोडनदीच म्हणतात. ते पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरचे गाव. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीमुळे तिकडे नोकरदारांची वस्ती वाढली. दौंड हे रेल्वेचे गाव. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग झाला आणि ते मोठे जंक्शन बनले. जवळच कुरकुंभचे कारखाने आहेत. सकाळच्या गाडीने पुण्याला नोकरीस जाऊन रात्री घरी परतणारे दौंडकर पुष्कळ. पुण्यातील जागांचे भाव ज्यांना झेपत नाहीत अशा शिक्षकांना, रेल्वे कर्मचाऱ्यांना, कारखान्यांतील कामगारांना आणि कारकुनांना या गावांतील दोन-तीन खोल्यांचे जुने घर आपल्या आवाक्यातले वाटते, यात नवल नाही.

पण या मुलखातली माती मोठी लहरी आहे. नदीकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया मुरमापर्यंत गेलेला नसेल तर तिच्याबरोबर घरही हलते, आणि भिंतींना तिरप्या भेगा पडतात. त्यात गच्चीचा कोबा तडकलेला असतो, लोखंडी नळ आतून गंजलेले असतात, चौकटींना वाळवी लागलेली असते आणि पंखा-दिव्यापुरती ओढलेली विजेची तार गिझर व पंपाचा भार सोसत नाही. घर पाहायला गेलो तेव्हा यातले काहीच दिसलेले नसते, कारण घरमालकाने नुकताच रंग दिलेला असतो!

मग गवंडी येतो, नळवाला येतो, वायरमन येतो. एक भिंत उकरावी तर तिच्या पोटात दुसरे दुखणे निघते. पन्नास हजारांचा अंदाज दोन लाखांवर जातो, आणि दोनाचे साडेतीन कधी झाले ते कळतही नाही. अखेर घर सावरते. पाहुणे येतात, कौतुक करतात. घरधनी समाधानाने म्हणतो, “पैसे गेले खरे, पण कुठे गेले? घरातच राहिले ना! घर हीच आपली शिल्लक.”

या शेवटच्या वाक्याविषयीच मला चार शब्द लिहायचे आहेत. ते ऐकायला गोड असले तरी खरे नाही. घर ही मालमत्ता आहे, शिल्लक नव्हे. मध्यरात्री मुलाला इस्पितळात न्यावे लागले तर न्हाणीघराची नवी फरशी काउंटरवर ठेवता येत नाही. उलट हातात रोकड नसेल तर घरच संकटात येते. घराला आधार शिल्लक देते; घर शिल्लक देत नाही.

दीडशे रुपये आणि एक घर

शिरूर तालुक्यातच या गोष्टीचा एक जुना दाखला आहे. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध जे दंगे झाले त्यांना इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. त्या वर्षी १२ मे रोजी सुप्याच्या बाजारात त्यांचा भडका उडाला आणि लोकांनी कर्जाची खतपत्रे जाळली, हे शाळेच्या पुस्तकातही असते. परंतु ठिणगी त्याआधीच, डिसेंबर १८७४ मध्ये, शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी पडली होती. तेथे काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्यावर हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे घर पाडले. कर्ज किती होते? दीडशे रुपये. गाव खवळले आणि सावकारांवर बहिष्कार पडला.

या दंग्यांमागे मोठी कारणे होती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच तो कोसळला. सारा वाढला आणि सावकाराने हात आखडता घेतला. सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. ते सारे इतिहासाचे विद्यार्थी जाणतात. आपण संसारी माणसांनी एवढेच ध्यानात घ्यावे, की घर असणे आणि अडचणीच्या वेळी हाती दीडशे रुपये असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आणि दुसरी नसली म्हणजे पहिलीही टिकत नाही.

आज कोणी सावकार कुदळ घेऊन येत नाही. तथापि गृहकर्जाचा हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की बँकेच्या दप्तरी ते कर्ज बुडीताच्या वाटेवर गेलेले धरले जाते. आणि २००२ च्या कायद्यान्वये बँक ६० दिवसांची नोटीस देऊन तारण घरावर हात टाकू शकते. नोकरीत खंड पडला, आजारपण आले, तर हे ९० दिवस पाहता पाहता सरतात. ते निभावून नेते ती शिल्लक.

आधी गंगाजळी, मग कर्जफेड

आपल्या भाषेत या शिलकीला फार सुंदर शब्द आहे: गंगाजळी. गंगेच्या पाण्याचा तो लहानसा मोहोरबंद गडू पूर्वी घरोघरी देवघरात असे. तहान लागली म्हणून तो कोणी फोडत नसे. अखेरच्या प्रसंगासाठीच तो असे. पुढे राखून ठेवलेल्या द्रव्यालाही तेच नाव पडले. देशाजवळच्या परकीय चलनाला वर्तमानपत्रे आजही गंगाजळीच म्हणतात. राखीव पैसा कसा वागवावा याचा सगळा धडा त्या शब्दात आहे.

डागडुजीनंतर गंगाजळी रिकामी झालेल्या घराने प्रथम काय करावे? कागद-पेन्सिल घेऊन नवराबायकोने एकत्र बसावे आणि खर्च झालेला पैसा कोठून कोठून आला ते लिहून काढावे. इतके बचत खात्यातून, इतके पतसंस्थेकडून, इतके सोने तारण ठेवून, इतके मेव्हण्याकडून हातउसने, इतके क्रेडिट कार्डावर. कित्येक घरांत हा कागद कधी लिहिलाच जात नाही. कारण आकडा पाहण्याची भीती वाटते. पण न पाहिल्याने आकडा लहान होत नाही.

या कागदावर क्रेडिट कार्ड असेल तर ते सर्वांत आधी मिटवावे. त्याच्या थकबाकीवर महिन्याला तीन टक्क्यांहून अधिक व्याज चढते, म्हणजे वर्षाला छत्तीस टक्क्यांच्या वर. ते फेडून टाकण्याइतका लाभ देणारी दुसरी कोणतीही गुंतवणूक मध्यमवर्गीय माणसाच्या हाती नाही.

इतर कर्जांच्या बाबतीत मात्र माझे म्हणणे थोडे निराळे आहे. हप्ते नियमाने भरावेत. पण मुदतीआधी फेडण्याची घाई करण्यापूर्वी एका महिन्याचा सारा खर्च, गृहकर्जाच्या हप्त्यासह, बाजूला पडू द्यावा. हिशेबी माणूस म्हणेल, “कर्जाचे व्याज बारा टक्के, बचत खात्याचे तीनसुद्धा नाही, हा कसला व्यवहार?” गणित त्याचे बरोबर आहे. पण गंगाजळी कोरडी ठेवून कर्ज फेडणाऱ्याच्या घरी पुढच्या महिन्यात पाण्याचा पंप जळला, की तो पुन्हा कार्ड काढतो किंवा पुन्हा हात पसरतो. एका महिन्याच्या खर्चाइतकी ओल असली म्हणजे हे चक्र तुटते. व्याजात जे थोडे जाते ती त्या निर्धास्तपणाची किंमत समजावी.

पाटल्यांचे कर्ज

वरच्या कागदावर एक रकम हटकून लिहायची राहते. ती म्हणजे घरच्या बाईचे सोने. घराला पैसा कमी पडला की पाटल्या किंवा गोठ निघतात. कधी ते तारण राहतात, कधी मोडले जातात. पतसंस्थेचा हप्ता चुकला तर पत्र येते. पाटल्यांचे पत्र कोणी पाठवत नाही. म्हणून ते कर्ज सर्वांत शेवटी राहते, आणि पुष्कळदा कायमचेच राहते.

स्त्रीधन हे पत्नीचे आहे, नवराबायकोची सामाईक मालमत्ता नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक वेळा सांगितले आहे. एप्रिल २०२४ मधील एका निकालात तर न्यायालयाने म्हटले, की अडचणीच्या वेळी नवऱ्याने ते वापरले तरी ते किंवा त्याची किंमत पत्नीला परत करण्याचे नैतिक बंधन त्याच्यावर राहते. संसारात कोणी कोर्टाची भाषा बोलू नये, हे खरे. परंतु घर दोघांचे असेल तर त्याची डागडुजीही एकटीच्या अंगावरून उतरवलेल्या दागिन्यांतून होऊ नये, इतके तरी न्यायाचे आहे. कागदावर ती रकम कर्ज म्हणूनच लिहावी, ग्रॅमांच्या वजनासह. वजन लिहायचे कारण उघड आहे: रुपये तेवढेच राहतात, सोन्याचा भाव राहत नाही.

एक नमुन्याचा हिशेब

आता आकड्यांत पाहू. समजा, दौंडच्या एका कुटुंबाची मासिक प्राप्ती ६०,००० रुपये आहे. गृहकर्जाचा हप्ता १६,००० आणि घरखर्च ३१,०००. हाती उरतात १३,०००. डागडुजीला लागले ३,६०,०००: त्यांपैकी १,८०,००० बचतीतून, १,००,००० सोनेतारणाचे आणि ८०,००० पतसंस्थेचे. पतसंस्थेचा व्याजदर १२ टक्के आणि मुदत दोन वर्षे धरली तर हप्ता सुमारे ३,७७० होतो. सोनेतारणाचे व्याज १० टक्के धरले तर महिन्याला सुमारे ८३० पडतात. हे दोन्ही भागवून उरतात ८,४००.

पहिले सहा महिने हे ८,४०० रुपये नुसते साठवावेत. ५०,४०० जमतात, म्हणजे हप्त्यासह एका महिन्याचा खर्च सुटून थोडे वर. सातव्या महिन्यापासून तीच रकम सोनेतारणाकडे वळवावी. तारणाची मुदत वर्षाची असेल तर वर्षअखेरीस निम्मी रकम फिटलेली असते आणि उरलेल्या निम्म्यापुरतेच नूतनीकरण करावे लागते. दीड वर्षाच्या आत सोने घरी येते. पुढचे सहा महिने व्याजाचे ८३० धरून महिन्याला ९,२३० शिलकीत पडतात. शिल्लक एक लाखाच्या वर जाते. दोन वर्षे पुरी होताच पतसंस्था मिटते आणि पूर्ण १३,००० मोकळे होतात.

येथेच बहुतेक घरे घसरतात! हप्ता संपला की नवा दिवाणखाना, नवी गाडी डोळ्यांपुढे नाचू लागते. वास्तविक त्या पैशावाचून दोन वर्षे संसार चाललेलाच असतो. आणखी सहा-सात महिने तोच नेम चालू ठेवला तर घरदुरुस्तीचा वेगळा पैसा काढूनही मूळचे १,८०,००० पुन्हा उभे राहतात. म्हणजे एकंदर अडीच वर्षांहून थोडे अधिक. ज्यांची प्राप्ती कमी असेल त्यांना चार वर्षे लागतील. लागू द्यावीत. मुदत लांबली तरी क्रम बदलू नये.

पैसा ठेवावा कोठे?

गंगाजळीचा पहिला गुण म्हणजे हाक मारताच येणे. तेव्हा पहिला महिन्याचा खर्च साध्या बचत खात्यातच हवा. त्यावरची रक्कम बँकेच्या मुदत ठेवीत ठेवावी, पण एकच मोठी पावती न करता दहा-दहा हजारांच्या लहान पावत्या कराव्यात. गरज पडली तर एकच मोडते, बाकीच्या शाबूत राहतात.

पोस्टाची बचत बँक १८८२ पासून आहे. कर्ड्याचे घर पडले तेव्हा कुणब्याला चार रुपये सुरक्षित ठेवायला अशी जागा नव्हती. ती सात-आठ वर्षांनी आली. पोस्टाची आवर्ती ठेव दरमहा शंभर रुपयांपासून चालू करता येते आणि शिस्त लावायला फार चांगली. पण तिची मुदत पाच वर्षांची आहे आणि तीन वर्षांआधी ती बंद करता येत नाही. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी तर पंधरा वर्षांचा. ही साधने म्हातारपणासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी उत्तम. गळक्या गच्चीसाठी नव्हेत.

आणि सुरक्षितता? १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाल्यावर आपल्या देशात ठेवींचा विमा आला. १९६२ पासून तो चालू आहे. त्या वेळी संरक्षण दीड हजार रुपयांचे होते. फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदारामागे पाच लाखांचे झाले. पुणेकरांना रुपी बँकेची आठवण ताजी आहे. १९१२ साली स्थापन झालेल्या या सहकारी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना गेला. विम्याच्या मर्यादेतील ठेवीदार तरले. पण मधली वर्षे स्वतःच्याच पैशासाठी वाट पाहावी लागली. पतसंस्थांच्या ठेवींना तर हा विमा लागूच नाही. ओळखीच्या पतसंस्थेतून कर्ज जरूर घ्यावे. गंगाजळी मात्र विमा असलेल्या बँकेत किंवा पोस्टात ठेवावी. चाळीतल्या भिशीचेही तसेच. ती स्नेह वाढवते, पण संकट काही आपला नंबर लागेपर्यंत थांबत नाही.

आपणच आपली सोसायटी

शेवटचा मुद्दा पुढच्या डागडुजीचा. ती येणारच. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत एक शहाणपणाची तरतूद आहे. प्रत्येक सभासदाकडून दरवर्षी त्याच्या गाळ्याच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधीसाठी आणि किमान पाव टक्का सिंकिंग फंडासाठी घ्यावा, असे त्या सांगतात. दोन्ही मिळून शेकडा एक होतो. फ्लॅटमध्ये राहणारे हे पैसे कुरकुरत का होईना, भरतात. शिरूरच्या गावठाणातले किंवा दौंडच्या एखाद्या प्लॉटवरचे स्वतंत्र घर घेणाऱ्याला असे मागायला कोणी येत नाही, आणि त्याला वाटते की आपली मेंटेनन्समधून सुटका झाली!

सुटका झालेली नसते. बिल फक्त साठत असते. अशा घरमालकाने स्वतःच आपली सोसायटी व्हावे. आज ते घर बांधायला वीस लाख लागतील असे धरले तर वर्षाला वीस हजार, म्हणजे महिन्याला सतराशेच्या आत-बाहेर. ही रक्कम गंगाजळीत मिसळू नये. तिचे खाते वेगळे ठेवावे. दरसाल मे महिन्यात, पावसापूर्वी, गच्ची आणि पन्हळी पाहून घ्याव्यात, आणि लागेल ते त्यातून करावे. एखादे वर्ष काही न लागता गेले तरी ते पैसे उरले असे समजू नये. काळी माती पुढच्या वर्षीही फुगणार आहे.

एवढे केले म्हणजे संसार कंजूष होतो, असे मुळीच नाही. दिवाळीत करंज्या व्हाव्यात, मुलांना फटाके मिळावेत, भाऊबीजेची ओवाळणीही रीतीप्रमाणे व्हावी. फक्त यंदा लक्ष्मीपूजनाच्या पाटावर नाणी आणि वही मांडाल, तेव्हा त्या वहीत तीन ओळी लिहून ठेवा: घराचे देणे किती, घरच्या बाईचे किती ग्रॅम, आणि गंगाजळी किती महिन्यांची. पुढल्या दिवाळीला त्याच पानावर त्याच तीन ओळी पुन्हा लिहा. पहिले दोन आकडे उतरलेले आणि तिसरा चढलेला दिसला, की घर खरोखरच आपले होऊ लागले असे समजायला हरकत नाही.